मर रोगाच्या बुरशीतील वंशभेद (हरभरा)

हरभऱ्याचा मर रोग ‘फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम’ या जमिनीत राहणाऱ्या बुरशीच्या ‘सायसेरिस’ नावाच्या विशेष रूपामुळे होतो. बुरशी मुळांतून शिरून झाडाच्या जलवाहिन्यांत वाढते. पाणी वर चढेनासे होते, शेंड्याकडील पाने माना टाकतात आणि झाड उभ्या उभ्या वाळते. ते उपटून खोड उभे चिरले की आत काळसर तपकिरी रेघ दिसते. मुळे मात्र वरून धडधाकट असतात. मूळकूज आणि मर यांत फरक करण्याची हीच खात्रीची खूण आहे.

एकाच बुरशीचे सगळे नमुने सारखे मारक नसतात. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ संस्थेतील एम. पी. हवारे व वाय. एल. नेने यांनी १९८२ मध्ये भारतातील चार वंश (शास्त्रज्ञांच्या बोलीत ‘रेस’) वेगळे करून दाखवले. त्यासाठी त्यांनी हरभऱ्याचे दहा वाण निवडले. महाराष्ट्रातील जुना ‘चाफा’ आणि कर्नाटकातील ‘अण्णीगेरी’ हे त्यांपैकीच. बुरशीच्या एका नमुन्याने यांतले कोणते वाण मरतात आणि कोणते तगतात, यावरून तिचा वंश ठरतो. पुढे स्पेन व कॅलिफोर्नियातील नमुन्यांची भर पडली आणि आज ०, १ए, १बी/सी, २, ३, ४, ५ व ६ असे आठ वंश मानले जातात. ० आणि १बी/सी झाड हळूहळू पिवळे पाडतात. बाकीचे सहा ते झपाट्याने सुकवतात. ‘जेजी-६२’ हा वाण मर रोगाला इतका चटकन बळी पडतो की नमुना म्हणून त्याचेच नाव घेतात, पण वंश ० पुढे तोही टिकतो.

या आठ वंशांत जनुकीय अंतर फार असेल असे वाटते, प्रत्यक्षात ते आश्चर्यकारकरीत्या कमी आहे. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरममध्ये लैंगिक अवस्था आढळलेली नाही. एकाच वंशावळीचे धागे फुटत जातात. हिमेनेथ-गास्को आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डीएनएच्या ठशांवरून दाखवले, की हे वंश एकाच पूर्वजापासून पायरीपायरीने, एकेका वाणावर मात करण्याची क्षमता मिळवत वा गमावत घडले असावेत. थोडक्या बदलाने शेतातला परिणाम मात्र पूर्ण पालटतो. त्यामुळे जनुकीय विविधतेच्या आकड्यावरून रोगाची उग्रता जोखणे धोक्याचे आहे.

याच बुरशीच्या टोमॅटोवरील रूपात आणखी एक वाट सापडली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंच-अभ्यासात रोगकारक जनुके वाहणारे एक अख्खे गुणसूत्र निरुपद्रवी बुरशीत गेले आणि ती टोमॅटोला मर लावू लागली. केवळ उत्परिवर्तनाने नव्हे, तर उसन्या गुणसूत्रानेही रोगकारकता येऊ शकते, हे त्यावरून कळले.

झाडाच्या बाजूची गोष्टही तितकीच गुंतागुंतीची आहे. वंश १ए शी झुंजणारी तीन जनुके ज्ञात आहेत. त्यांतले एकच असले तर झाड मरते, पण उशिरा. दोन एकत्र आली की ते वाचते. म्हणूनच ‘सी-१०४’ आणि ‘के-८५०’ या उशिरा मरणाऱ्या दोन वाणांच्या संकरातून पूर्ण प्रतिकारक संतती निघाली. पैदासकारांसाठी ही मोठी शिकवण होती.

प्रतिकारक वाणावर एवढा भर देण्याचे कारण जमिनीत आहे. जाड भिंतीचे विश्रामी बीजाणू हरभरा नसतानाही सहा वर्षांपर्यंत तग धरतात, आणि बुरशी बियाण्याबरोबरही प्रवास करते. फेरपालट व ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया उपयोगी आहेतच, पण त्या पुरेशा नाहीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘विजय’ व ‘दिग्विजय’ हे वाण मर-प्रतिकारक म्हणूनच महाराष्ट्रात पसरले. एका भागात टिकलेला वाण दुसऱ्या वंशाच्या जमिनीत कोसळू शकतो. त्यामुळे नव्या वाणांची परीक्षा स्थानिक ‘सिक प्लॉट’मध्ये, म्हणजे मुद्दाम रोगट केलेल्या जमिनीत घेतात. तेथे ठरावीक ओळींनंतर ‘जेजी-६२’ ची एक ओळ पेरतात. ती पूर्ण वाळली, तरच त्या हंगामातील निकाल ग्राह्य धरतात.