बंद घर आणि घरपट्टी : महाराष्ट्रातील स्थानिक करव्यवस्थेचा एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजेच नमुना नंबर ८ मध्ये, मिळकतीच्या मालकाच्या नावाबरोबर भोगवटा करणाऱ्याच्या नावाचाही रकाना असतो. घर कोणाच्या मालकीचे आहे आणि त्यात प्रत्यक्ष कोण राहते, हे दोन निराळे प्रश्न आहेत याची जाणीव शासनाला पूर्वीपासून आहे, हे या रकान्यावरून दिसते. तथापि घरपट्टीची रक्कम ठरविताना यातील दुसऱ्या प्रश्नाला फारसे स्थान मिळालेले नाही. रिकाम्या घरांवर व दुसऱ्या घरांवर जादा कर आकारावा, अशी कल्पना अनेक देशांत रूढ होत असताना महाराष्ट्रातील करकायद्याची वाटचाल कोणत्या दिशेने झाली, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

या प्रश्नाची दोन रूपे कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यात जवळजवळ पाहावयास मिळतात. कोडोली हे वारणा खोऱ्यातील मोठे गाव असून वारणानगरच्या सहकारी उद्योगसमूहाला ते लागून आहे. अशा गावातील सुस्थितीतल्या कुटुंबांची पुढची पिढी शिक्षण व नोकरीनिमित्त पुणे, पिंपरी-चिंचवड किंवा मुंबईस स्थायिक होते आणि गावातील घराला कुलूप लागते. त्याच तालुक्यातील पन्हाळा हे थंड हवेचे ठिकाण आहे. तेथे सुट्टीपुरते वापरले जाणारे बंगले बाहेरगावच्या मालकांनी हौसेने बांधले. दोन्ही प्रकारची घरे वर्षाचा बराच काळ बंद असतात. एक घर मालक गेल्यामुळे बंद पडले, तर दुसरे मुळातच अधूनमधून येण्यासाठी उभे राहिले.

भाडे हाच कराचा आधार

ब्रिटिशपूर्व काळात घरपट्टी आणि मोहतर्फा यांसारख्या करांचा बोजा घरांवर व व्यवसायांवर पडत असे. मुंबई इलाख्यातील मोहतर्फा व शहर-जकाती १८४४ च्या कायद्याने रद्द झाल्या. त्यानंतर नगरपालिकांच्या रूपाने जी नवी करव्यवस्था आली तिचा साचा इंग्लंडमधील होता. तेथे स्थानिक कर हा घराच्या भोगवट्यावरील कर मानला जाई. साहजिकच रिकाम्या घरावर तो पडत नसे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात घर वर्षाला किती भाड्याने जाऊ शकेल याचा वाजवी अंदाज हा कराचा पाया धरण्यात आला आणि दुरुस्तीखर्चापोटी त्यातून दहा टक्के वजावट देण्यात आली. घर रिकामे राहिले तर त्या काळातील कराचा काही भाग परत मिळण्याची तरतूदही याच कायद्यात होती. भाडे नाही म्हणून उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून कराचा भार हलका, असे हे सरळ तर्कशास्त्र होते. रिकामेपण ही त्या व्यवस्थेच्या दृष्टीने मालकावर आलेली आपत्ती होती. तो समाजावर केलेला अन्याय आहे, असा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

हा विचार पुढे आला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे मुंबईत आले आणि १९४८ मध्ये मुंबई सरकारने जागा अधिग्रहणाचा कायदा केला. त्यान्वये जागा रिकामी होताच मालकाने सरकारला कळविणे बंधनकारक झाले व सरकारला ती ताब्यात घेऊन गरजूंना देण्याचा अधिकार मिळाला. भानजी मुनजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हा अधिकार उचलून धरला. पुढे तात्पुरती म्हणून घेतलेली जागा दशकानुदशके परत होत नाही, असा अनुभव आला. अखेर १९९४ मध्ये ग्राहक संस्था मंच प्रकरणात न्यायालयाला अधिग्रहण अमर्याद काळ चालू ठेवता येणार नाही, असे बजावावे लागले. एकंदरीत, बंद घराकडे सामाजिक प्रश्न म्हणून पाहण्याचा महाराष्ट्रातील पहिला मोठा प्रयत्न कराच्या नव्हे, तर ताबा घेण्याच्या मार्गाने झाला. या इतिहासाची आठवण आजच्या करविषयक चर्चेत क्वचितच होते.

याच सुमारास आलेल्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने परिस्थिती अधिक विचित्र केली. १९४० च्या पातळीवर गोठविलेले प्रमाण भाडे आणि एकदा आलेला भाडेकरू निघणार नाही ही भीती, यांमुळे अनेक मालकांना घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावणे सुरक्षित वाटू लागले. १९७९ मध्ये दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात करपात्र मूल्य प्रमाण भाड्यापेक्षा अधिक धरता येणार नाही, असा निर्णय झाला. म्हणजे ज्या कायद्याने घरे बंद राहिली त्याच कायद्याने नगरपालिकांचे उत्पन्नही गोठले. १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा आला तरी ही भीती पूर्णपणे ओसरली नाही. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने नागरी घरांपैकी सुमारे १२ टक्के घरे रिकामी असल्याचे नमूद केले. त्यात मुंबईचा आकडा सुमारे ४.८ लाख, म्हणजे देशातील शहरांत सर्वाधिक होता.

पुण्याचा अपवाद

राहणारा मालक आणि न राहणारा मालक यांत फरक करणारी एक ठळक तरतूद पुण्यात आढळते. १९७० पासून पुणे महानगरपालिका मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीस वार्षिक करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देत आली. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर राज्य शासनाने ही सवलत काढून घेतली आणि नागरिकांच्या रोषानंतर २०२३ मध्ये ती पूर्ववत केली. त्या वेळी सवलतीसाठी ‘पीटी ३’ अर्जासोबत मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, गॅस जोडणीचे कार्ड असे रहिवासाचे पुरावे मागविण्यात आले; शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या करबिलाची प्रतही मागण्यात आली.

या तरतुदीला कोणी दुसऱ्या घरावरील जादा कर म्हणत नाही. ती सवलत म्हणूनच ओळखली जाते. परंतु जिथे ६० रुपयांवर कर पडतो तिथे शेजारच्या, मालक न राहणाऱ्या सदनिकेत १०० रुपयांवर पडत असेल, तर परिणाम जादा कराचाच होय. अर्थात यात एक दोष आहे. मालकाने सदनिका कुटुंबाला भाड्याने दिली काय आणि कुलूप लावून ठेवली काय, सवलत दोन्हीकडे नाही. रिकामे घर आणि भाड्याचे घर यांत ही तरतूद भेद करीत नाही, म्हणून घरे बाजारात आणण्याचे साधन म्हणून तिचा उपयोग मर्यादित राहतो.

केंद्राच्या प्राप्तिकरात तर उलट प्रवास झाला. एकाहून अधिक घरे स्वतःसाठी ठेवल्यास दुसरे घर भाड्याने दिले आहे असे गृहीत धरून काल्पनिक भाड्यावर कर लागत असे. २०१९ च्या वित्त कायद्याने दोन घरांना ही सूट दिली.

ग्रामपंचायत आणि भांडवली मूल्य

खेड्यातील घरपट्टीचा कायदेशीर आधार म्हणजे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १२४ आणि १९६० चे कर व फी नियम. १९९९ मध्ये क्षेत्रफळावर आधारित आकारणी आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती अमान्य केल्यानंतर ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनी भांडवली मूल्याची पद्धत लागू केली. जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, घसारा आणि वापराचा भारांक यांवरून आता कर ठरतो. निवासी वापरास १, औद्योगिक वापरास १.२० व वाणिज्य वापरास १.२५ असा हा भारांक आहे. बंद घरासाठी वेगळा भारांक नाही. मुंबई महानगरपालिकेनेही २०१० पासून भांडवली मूल्याचा स्वीकार केला.

या बदलाची भलावण बहुधा उत्पन्नवाढ आणि समानता या मुद्द्यांवर होते व ती योग्यच आहे. परंतु भाड्यावर आधारलेली पद्धत, कितीही सदोष असली तरी, घर कोणी वापरते की नाही हे विचारीत होती. भांडवली मूल्याला हा प्रश्न पडत नाही. जगातील अनेक स्थानिक संस्था ‘घरात कोण राहते?’ असे विचारू लागल्या, त्याच काळात महाराष्ट्रातील कायद्याने हा प्रश्न विचारणे सोडून दिले. इंग्लंडमध्ये १९९३ साली कौन्सिल टॅक्स आला तेव्हा रिकाम्या व दुसऱ्या घरांना ५० टक्के सूट होती; २०१३ पासून दीर्घकाळ रिकाम्या घरांवर अधिभार आणि एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांच्या मूल्यावर १ टक्का कर बसविला व पुढे तो वाढविला.

भारतात असा प्रयत्न केरळने २०२३ च्या अर्थसंकल्पात केला. बंद घरे व एकाहून अधिक घरे यांवर जादा कराचा प्रस्ताव आला आणि तीव्र विरोधामुळे काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. विरोध अनपेक्षित नव्हता. केरळातील बंद घर हे पुष्कळदा आखातात वा परदेशात काम करणाऱ्याने कष्टाच्या पैशातून बांधलेले घर असते. कोकणातील चाकरमान्याचे, गणपती व शिमग्याला उघडणारे घरही याच जातीचे. मुंबईच्या गिरण्यांनी आजरा, चंदगड, शाहूवाडीकडची माणसे नेली. त्यांच्या मागे राहिलेल्या घरांना सट्टेबाजीची मालमत्ता म्हणणे अन्यायाचे होईल.

कोडोलीसारख्या गावात आणखी एक अडचण आहे. पन्हाळ्यावरील बंगल्याला सहसा एक मालक असतो, त्याला नोटीस बजावता येते आणि जादा कर परवडत नसेल तर तो बंगला विकूही शकतो. गावातील जुने घर मात्र अनेकदा वाटणी न झालेले असते. चार भावांपैकी एक पुण्यात, एक सैन्यात, बहिणींचे हक्क कागदावर न आलेले आणि नोंदवहीत अजून आजोबांचेच नाव, अशी स्थिती सर्वपरिचित आहे. असे घर ना विकता येते, ना भाड्याने देता येते. भाऊबंदकी मिटेपर्यंत ते पडून राहते आणि त्याची थकबाकी दरवर्षी पुढील मागणीत ओढली जाते. त्यावर अधिभार लावल्यास घर उघडणार नाही, थकबाकीचा आकडा तेवढा वाढेल. वारसनोंद आणि वाटप यांचा निपटारा झाल्याखेरीज नमुना ८ मधील भोगवट्याच्या रकान्यात खरे नाव येत नाही, आणि ते आल्याखेरीज बंगलेवाला व परगावी गेलेला वारस यांना निराळे दर लावण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस दिला, तरी तो तिला वापरता येणार नाही.