तळटीप : ‘विद्यार्थ्यांचा रेडिओ’

हा शब्दप्रयोग मालकीच्या नव्हे, सहभागाच्या अर्थाने घ्यावा. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरवले. तरी 2002 च्या अखेरीस सरकारने प्रक्षेपणाची मुभा दिली ती शिक्षणसंस्थांना, विद्यार्थ्यांना नव्हे. 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असे पहिले केंद्र सुरू झाले. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर संस्थेचे ‘अंतर्वाणी’ याच परंपरेतले. परवाना संस्थेचा आणि स्वतःच्या बातम्या देण्यासही मनाई, मग विद्यार्थ्यांचे उरले काय, असा आक्षेप घेता येईल. पण किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून, शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत व्हावेत, असे 2006 चे धोरण सांगते. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू शेजारी नांदणाऱ्या बिदर-कलबुर्गीत ही अपेक्षा पुरी करू शकतात ते गावागावांतून आलेले विद्यार्थीच. बिदरच्या शेजारी, झहीराबादजवळच्या माचनूरला 2008 पासून दलित स्त्रिया ‘संघम रेडिओ’ चालवतात. तेथेही परवाना डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचा आहे. म्हणून तो आवाज त्या स्त्रियांचा नाही, असे कोणी म्हणणार नाही. परवाना कोणाच्या नावे आहे यापेक्षा विषय कोण निवडतो आणि बोलतो कोण, हीच खरी कसोटी. – संपादक