फियाटची चावी आणि डाळीचा डबा

पेण-रोह्यातल्या जुन्या ड्रायव्हरांना कुर्ल्यात बनणारी फियाट आठवत असेल. चावीचे दात जुळले की गाडी चालू, संपला विषय! पुढे चावीत चिप आली. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही.

आता चावी खिशातच राहते, हँडलला हात लावला की दार उघडतं. चोरही शिकला. एकजण यंत्र घेऊन घराच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी. आतल्या चावीचा सिग्नल लांबवला की गाडीला वाटतं, मालक आला. आणि आपण चावी टांगतो कुठे? दाराजवळच्या खुंटीला!

रात्री ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, डाळीचा चालेल. डबा गाडीजवळ नेऊन दार उघडतंय का, तेही बघा. उघडलं तर डबा बदला.