हार्विंग्टनची लपणे

इंग्लंडमधील जुने ग्रामीण वाडे पाहावयास शाळेची मुले येतात, तेव्हा त्यांना बहुधा जे दाखविले जाते ते मुळात दाखविण्यासाठीच घडविलेले असते: भव्य दिवाणखाना, पूर्वजांची तैलचित्रे, चांदीची भांडी, आखीव बागा. वाड्याचा धनी केवढा मोठा होता हे पाहुण्याच्या मनावर ठसावे, एवढाच त्यामागील हेतू. वुस्टरशर परगण्यात, किडरमिन्स्टर गावाजवळ मात्र असा एक वाडा आहे की तेथील खरे पाहण्यासारखे ते कोणाला दिसू नये म्हणूनच बांधले गेले. हार्विंग्टन हॉल हे त्याचे नाव.

भोवती पाण्याचा खंदक आणि मध्ये तांबड्या विटांची इमारत. तेथील मध्ययुगीन घराचा काही भाग सामावून घेऊन हम्फ्री पॅकिंग्टन या कॅथलिक गृहस्थाने १५८० नंतरच्या दशकात हा वाडा वाढविला. तो काळ कसा होता हे ध्यानी घेतल्यावाचून वाड्याची रचना उमगत नाही. राजधर्माच्या उपासनेस गैरहजर राहणाऱ्यांवर १५८१ च्या कायद्याने दरमहा २० पौंडांचा दंड बसविला होता. सामान्य कारागिराच्या वर्षभराच्या कमाईहून ही रक्कम अधिकच होती. पुढे १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडात असणे हाच राजद्रोह ठरला, आणि त्यास आसरा देणाऱ्यालाही देहान्ताची शिक्षा सांगितली गेली. घरात मिस्सा व्हावी असे ज्यास वाटे, त्याला घराच्या भिंतींतच उपाय शोधावा लागे.

शिकारी दबा धरून बसतो त्या जागेला आपल्याकडे लपण म्हणतात. हार्विंग्टनमध्ये सावजासाठी लपणे आहेत, आणि तीही एकदोन नव्हेत, सात! मोठ्या जिन्याच्या वरच्या टोकास दोन पायऱ्या उचलल्या की खाली पोकळी उघडते. (जिना मूळचा नव्हे, हे मुलांना सांगावयास हवे. मूळचा जिना विसाव्या शतकाच्या आरंभी कॉटन कोर्ट या दुसऱ्या वाड्यात गेला. येथे आहे ती त्याची प्रतिकृती.) एका खोलीतील शेकोटीत कधी विस्तवच पेटला नव्हता, ती माळ्यावर चढून जाण्याची वाट होती, आणि खोटेपणा उघडा पडू नये म्हणून आतून काळी केलेली होती. सर्वांत चतुराईचे लपण ग्रंथालयात आहे. विटांच्या भिंतीतील लाकडी खांबांपैकी एक खांब बिजागरीवर फिरतो, आणि मागे माणूस बसेल एवढी जागा मोकळी होते. ही जागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. जवळजवळ तीनशे वर्षे गुपित राखणाऱ्या सुताराविषयी आणखी काय सांगावे?

पण सांगितलेच पाहिजे, कारण आमच्या मते या सहलीचा खरा नायक वाड्याचा धनी नसून सुतारच आहे. निकोलस ओवेन हा ऑक्सफर्डच्या एका सुताराचा मुलगा. तोही तोच धंदा शिकला आणि पुढे येशूसंघात ब्रदर म्हणून राहिला. अंगाने ठेंगणा, पायाने अधू. सुमारे अठरा वर्षे तो घरोघरी जाऊन एकट्याने अशी लपणे तयार करीत असे. हार्विंग्टनच्या कामावर त्याचे नाव कोठे लिहिलेले नाही. अभ्यासक केवळ हातोटीवरून ते त्याचे मानतात. नाव राहू नये हीच त्या कामाची अट होती. १६०६ च्या जानेवारीत त्याच परगण्यातील हिंडलिप येथील वाड्याची झडती सुरू झाली, तेव्हा ओवेन आणि त्याचा एक सोबती अशाच एका लपणात चार दिवस होते. दोघांत मिळून खायला एकच सफरचंद. अखेर ते बाहेर आले नि पकडले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळाखाली त्याचा अंत झाला. किती घरांची गुपिते त्याच्या जिभेवर होती! त्यांपैकी एकही त्याने उघड केले नाही. २५ ऑक्टोबर १९७० रोजी पोप सहावे पौल यांनी त्यास संतपद दिले.

झडती घेणारेही काही मूर्ख नव्हते. ते खोल्या आतून मोजीत, भिंती बाहेरून मोजीत आणि दोहोंतील फरकात माणूस शोधीत. शाळेच्या मुलांना दोऱ्या नि मोजपट्ट्या देऊन हेच करावयास सांगावे. इतिहास व गणित एकाच खोलीत शिकविण्याची अशी संधी क्वचितच मिळते. १९९१ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने ट्यूडर-स्टुअर्ट काळ सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी नेमला. २०१४ च्या फेररचनेत ती सक्ती उरली नाही, तरी हा काळ तेथील वर्गांतून नाहीसा झालेला नाही, आणि हार्विंग्टनला शाळाही येतच राहिल्या.

अडचण आहे ती पुढेच. सहलीच्या बसमध्ये सर्व मतांची मुले असतात. राणी मेरीच्या राजवटीत, १५५५ ते १५५८ या काळात, सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. ती राणी कॅथलिक होती. हे न सांगता केवळ लपणे दाखविली तर मुलांच्या हाती अर्धाच इतिहास पडतो.

मराठी ख्रिस्ती वाचकाला तर ही अडचण अधिकच जवळची वाटावी. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे याच पिढीतील इंग्रज कॅथलिक, विल्टशर परगण्यातील बुशटनचे. त्यांनी १५७५ मध्ये रोमला येशूसंघात प्रवेश केला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास उतरले. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड यांनी मात्र इंग्लंडच्या तुरुंगांत सुमारे तीस वर्षे काढली. स्टीफन्स स्वदेशी परतले असते, तर अशाच एखाद्या लपणात बसण्याची वेळ त्यांच्यावरही येती. पण ज्या भूमीवर ते उतरले तेथे त्यांचा धर्म राज्यकर्त्यांचा होता, आणि तेथे १५६० पासून धर्मन्यायासनाचा अंमल सुरू होता. जुन्या चालीरीती घरात गुपचूप पाळणारी माणसे तेथेही होती, तेथेही चौकशा होत होत्या. ते न्यायासन कायमचे बंद झाले ते १८१२ मध्ये. एकाच माणसाच्या आयुष्यात धर्मासाठी लपणारे आणि धर्मासाठी शोधणारे असे दोन्ही पक्ष येतात, नि दोन्हीकडे क्रूस एकच! स्टीफन्सनी याविषयी मनात काय बाळगले असेल याचा आम्ही तर्क करीत नाही. त्यांनी त्या मुलखाची भाषा आत्मसात केली आणि ओवी हाती धरली. १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे पुराण छापून निघाले.

हार्विंग्टनला पुढेही फार दिवस चैन नव्हते. पॅकिंग्टनची कन्या लेडी मेरी येट ही वृद्धापकाळापर्यंत, १६९६ पर्यंत, तेथे राहिली. त्या परिसरात सेवा करणारे फ्रान्सिस्कन धर्मगुरू जॉन वॉल यांना २२ ऑगस्ट १६७९ रोजी वुस्टर येथे फाशी दिले गेले. नंतर वाडा थ्रॉकमॉर्टन घराण्याकडे गेला, ओसाड पडला, आणि १९२३ मध्ये विकत घेऊन बर्मिंगहॅमच्या महाधर्मप्रांतास अर्पण झाला. १९३६ मध्ये चुन्याच्या थराखाली जुनी भित्तिचित्रे सापडली.

वरच्या मजल्यावर एक लहानसे प्रार्थनागृह आहे. तेथील भिंतीवर मूर्ती नाही, संत नाही. आहेत ते केवळ तांबड्या आणि पांढऱ्या थेंबांच्या रांगा. ख्रिस्ताच्या कुशीतून वाहिलेले रक्त आणि पाणी. झडती घेणाऱ्यास ती साधी नक्षी वाटावी.