तळ वेतन म्हणजे किमान वेतन नव्हे : मालकाने किती द्यायचे आणि कामगाराने किती मागायचे?

नवी दिल्ली : भारतात किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून आहे, मात्र देशभर लागू होईल असा किमान वेतनाचा एकच दर कधीही नव्हता आणि आजही नाही. केंद्र आणि राज्ये आपापले दर ठरवतात आणि हे दर कामाचे कौशल्य व प्रदेश यांनुसार बदलतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ ने ही रचना मोडलेली नाही. तिने या सर्व दरांच्या खाली ‘तळ वेतना’ची, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘फ्लोअर वेज’ म्हणतात त्याची, कायदेशीर मर्यादा आखली आहे. तळ वेतन हेच आता देशाचे किमान वेतन, असा समज मात्र सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे आणि त्याचा भुर्दंड कामगारालाच पडण्याची शक्यता आहे.

तळ वेतन केंद्र सरकार ठरवते आणि त्याचे बंधन आहे ते दर ठरवणाऱ्या सरकारांवर. कोणत्याही राज्याला आपले किमान वेतन त्याखाली ठरवता येत नाही, आणि राज्याचा दर आधीच जास्त असेल तर तळ वेतनाकडे बोट दाखवून तो कमी करता येत नाही. मालकाने द्यायचे असते ते संबंधित सरकारने अधिसूचित केलेले किमान वेतन. दिल्लीत एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगारासाठी हा दर महिन्याला १८,४५६ रुपये होता. तेथील कंत्राटदाराला ‘देशाचा तळ याहून खाली आहे’ ही सबब सांगता येणार नाही. खुद्द संहितेत तळ वेतनाचा आकडा दिलेला नाही. तो केंद्राने सल्लागार मंडळाचे मत घेऊन ठरवायचा असून वेगवेगळ्या भौगोलिक क्षेत्रांसाठी तो वेगळा असू शकतो.

कल्पना नवी नाही. ग्रामीण श्रमविषयक राष्ट्रीय आयोगाच्या १९९१ मधील शिफारशीनंतर केंद्राने १९९६ मध्ये ‘राष्ट्रीय तळस्तरीय किमान वेतन’ दिवसाला ३५ रुपये असे जाहीर केले. वेळोवेळी वाढत ते जून २०१७ मध्ये १७६ रुपयांवर पोहोचले. परंतु त्याला कायद्याचा आधार नव्हता. राज्यांना केलेली ती एक सूचना होती. त्यामुळे १७६ रुपये जाहीर झाल्यानंतरही नागालँडमध्ये अकुशल कामगाराचा दर २०१९ पर्यंत ११५ रुपयेच राहिला. जानेवारी २०१९ मध्ये अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने जुलै २०१८ च्या किमतींनुसार दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली, म्हणजे तत्कालीन दराच्या दुपटीहून अधिक. सरकारी हिशेब आणि तज्ज्ञांचा हिशेब यांत एवढी तफावत का पडते, याचे उत्तर किमान वेतन मोजण्याच्या पद्धतीत आहे.

किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडले ते तत्कालीन श्रम सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. १९४८ च्या कायद्यात दर ठरवण्याची यंत्रणा होती, पण किती म्हणजे किमान, हे सांगितलेले नव्हते. ती उणीव १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने भरून काढली : कुटुंबात तीन प्रौढांइतका उपभोग, प्रत्येकी रोज २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात सांगितले. संहितेखाली केंद्राने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुदा नियमांत कुटुंबाला ६६ मीटर कापड धरले होते. हे ६६ मीटर म्हणजे जुने ७२ वारच. सहा दशकांत माप बदलले, कापड तेवढेच राहिले. सत्पथी समितीने कॅलरी २,४०० पर्यंत खाली आणल्या, पण प्रथिने व स्निग्ध पदार्थांचा स्वतंत्र हिशेब मांडला आणि कुटुंब ३.६ प्रौढांइतके धरले.

जुना कायदा केवळ अनुसूचित रोजगारांना लागू होता. यादीत नाव नसलेल्या कामाला संरक्षण नव्हते, आणि याद्या लांबत गेल्या. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीने अकुशल कामगारांसाठी सुमारे ४२९ अनुसूचित रोजगार आणि १,९१५ वर्गवाऱ्या मोजल्या. तरीही दर तीन रोजंदार-पगारदारांपैकी एक जण संरक्षणाबाहेरच असल्याचे नमूद केले. संहितेने ही यादीची अट काढून टाकली. रेल्वे, खाणी, बँका, प्रमुख बंदरे यांसारख्या आस्थापनांसाठी केंद्र दर ठरवते, उरलेल्यांसाठी राज्ये. कामगार मूळचा कुठला याला महत्त्व नाही. सुरत किंवा बेंगळुरूत काम करणाऱ्या मराठी माणसाला अनुक्रमे गुजरात व कर्नाटकचा दर लागतो.

मालकाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येचा आहे. त्यात मूळ वेतन, महागाई भत्ता व प्रतिधारण भत्ता मोडतात. घरभाडे, प्रवासभत्ता, कमिशन, जादा कामाचा मोबदला हे वगळले जातात. त्यामुळे हाती पडणाऱ्या एकूण रकमेकडे पाहून किमान वेतन दिले, असे म्हणता येत नाही. मात्र वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. जादा कामाला किमान दुप्पट दर, मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि नोकरी सुटल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता, हे बंधन आहे. रोजंदारीवर बोलावलेल्या कामगाराला मालक पुरेसे काम देऊ शकला नाही, तरी पूर्ण दिवसाची मजुरी देय ठरते. कंत्राटदाराने पैसे बुडवले तर ते देण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते.

कमी वेतन मिळाल्यास कामगाराला, त्याच्या संघटनेला किंवा निरीक्षकाला तीन वर्षांच्या आत दावा दाखल करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, कामगारावर नाही. ‘मी कमी पगारावर राजी आहे’ असे लिहून घेतलेला करारही रद्दबातल ठरतो. या भूमिकेमागे १९८२ चा निकाल आहे : दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे हे राज्यघटनेच्या कलम २३ नुसार वेठबिगारी असल्याचे म्हटले होते.

शिक्षेची बाजू त्या मानाने सौम्य आहे. कमी वेतन दिल्याबद्दल पहिल्या वेळी कमाल ५० हजार रुपये दंड. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय संहितेतील इतर तरतुदींचा भंग पहिल्या वेळी झाल्यास खटला भरण्याआधी चूक सुधारण्याची संधी द्यावी लागते, मात्र कमी वेतनाच्या गुन्ह्याला ही सवलत नाही. शेकडो मजूर राबवणाऱ्या कंत्राटदाराला या दंडाची धास्ती वाटण्याचे कारण नाही. खरा धाक आहे तो थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याच्या तरतुदीचा, कारण ती प्रत्येक कामगारामागे वाढत जाते. पण त्यासाठी कुणाला तरी दावा करावा लागतो, आणि उद्या पुन्हा त्याच नाक्यावर काम मागायला उभे राहायचे असलेला मजूर सहसा तो करत नाही.

दोन मोठे गट या चौकटीच्या कडेवर आहेत. ॲपवरून काम घेणाऱ्या ‘गिग’ कामगारांना सामाजिक सुरक्षा संहितेने पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेरचे मानले आहे. त्यामुळे तासाचा वा दिवसाचा किमान दर त्यांना आपोआप लागत नाही. घरकामगारांची अडचण वेगळी आहे. वेतन संहिता ‘आस्थापने’त काम करणाऱ्यांविषयी बोलते, आणि उद्योग, व्यापार किंवा व्यवसाय चालतो ती जागा म्हणजे आस्थापना, अशी तिची व्याख्या आहे. खासगी घराचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही.