ज्योत-संवेदक (औद्योगिक बर्नर)

बॉयलर, भट्टी, ड्रायर, थर्मिक फ्लुइड हीटर यांच्या बर्नरमध्ये ज्योत पेटलेली आहे की नाही याचा विद्युत संकेत देणारे उपकरण. हा संकेत बर्नरच्या नियंत्रकाकडे जातो व तो तुटताच नियंत्रक इंधनाची झडप बंद करतो. कारखान्यांत त्याला फ्लेम सेन्सर, फ्लेम स्कॅनर, तर तेलाच्या बर्नरवर सरसकट फोटोसेल म्हणतात. आकाराने हे उपकरण लहान असले तरी बॉयलरघरात काम करणाऱ्यांचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो. त्याची योग्यता ठरवताना पहिला प्रश्न एकच : ज्योत नसताना ते ‘आहे’ असे तर सांगणार नाही ना?

गरज : हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असले की मिश्रण स्फोटक होते. १ मेगावॉट क्षमतेच्या बर्नरमधून सेकंदाला सुमारे २८ लिटर नैसर्गिक वायू जातो. ज्योत विझल्यावर झडप ४ सेकंद उघडी राहिली, तर ११० लिटरांच्या आसपास वायू न जळता भट्टीत शिरतो आणि हवेत नीट मिसळल्यास एक घनमीटरहून अधिक स्फोटक मिश्रण तयार होते. तापलेली विटांची भिंत किंवा पुन्हा दिलेली ठिणगी ते पेटवायला पुरते. ज्योत विझल्यापासून नियंत्रकाने झडपेचा वीजपुरवठा तोडेपर्यंतचा काळ म्हणूनच मानकांनी बांधून दिला आहे : अमेरिकेच्या एनएफपीए ८६ नुसार जास्तीत जास्त ४ सेकंद, युरोपच्या ईएन २९८ नुसार चालू बर्नरसाठी १ सेकंद.

थर्मोकपल : ज्योतीत तापलेल्या दोन धातूंच्या सांध्यावर सुमारे २५ ते ३० मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो व त्यावर लहान विद्युतचुंबकी झडप उघडी राहते (सेबेक परिणाम, १८२१). ज्योत विझल्यावर सांधा थंड होण्यास अर्धे मिनिट किंवा अधिक लागते. मोठ्या बर्नरला तो म्हणून निरुपयोगी. मुख्य बर्नर पेटवणाऱ्या लहान पायलट ज्योतीपुरता वापरतात.

आयनीभवन-दांडी (फ्लेम रॉड) : वायूच्या बर्नरवरील सर्वांत भरवशाचा संवेदक. ज्योतीजवळ आणलेल्या वस्तूचा विद्युत भार नाहीसा होतो, हे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली प्रसिद्ध झालेल्या ‘डी मॅग्नेट’ या ग्रंथातच नोंदवले होते. हायड्रोकार्बन इंधनाच्या ज्योतीत सीएच हा मूलक व ऑक्सिजनचा अणू यांच्या संयोगातून सीएचओ हा धन आयन आणि एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. हा आयन लगेच पाण्याच्या रेणूशी अभिक्रिया करतो व हायड्रोनियम आयन तयार होतो. असे असंख्य आयन व इलेक्ट्रॉन असल्यामुळे ज्योत क्षीण का होईना, विद्युतवाहक ठरते.

ज्योतीत लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियम मिश्रधातूची (उदा. कँथल) बारीक दांडी ठेवतात आणि ती व बर्नरचे तोंड यांच्यामध्ये प्रत्यावर्ती दाब देतात. बर्नरच्या तोंडाचा ज्योतीला भिडणारा पृष्ठभाग दांडीच्या पृष्ठभागाच्या किमान चौपट असावा लागतो. दांडी धन असते तेव्हा हलके इलेक्ट्रॉन तिच्याकडे झपाट्याने धावतात आणि विस्तृत तोंड सावकाश सरकणारे जड धन आयन पुरेशा संख्येने गोळा करते, प्रवाह वाहतो. दिशा उलटली की धन आयनांना दांडीच्या तुटपुंज्या पृष्ठभागावर यावे लागते व प्रवाह फार थोडा राहतो. परिणामी प्रत्यावर्ती दाब देऊनही मिळतो तो मुख्यतः एका दिशेचा, काही मायक्रोॲम्पिअरचा प्रवाह. नियंत्रक फक्त असाच एकदिश प्रवाह ज्योत म्हणून स्वीकारतो.

या योजनेचे मोल बिघाडाच्या वेळी कळते. दांडीवर काजळी साचून प्रवाह गळू लागला तर तो दोन्ही दिशांनी सारखाच गळतो. दांडी बर्नरच्या धातूला टेकली तरी तेच. तार तुटली तर प्रवाहच नाही. या तिन्ही प्रसंगी नियंत्रकाला ज्योत ‘दिसत’ नाही व बर्नर बंद पडतो. उत्पादन थांबते, पण स्फोट होत नाही. सुरक्षिततेचा एवढा साधा आणि पक्का उपाय ज्वलन-तंत्रात विरळा आहे.

दोष पुढीलप्रमाणे आढळतात : चिनी मातीच्या विसंवाहकाला तडा जाणे, बर्नरचे अर्थिंग कच्चे असणे, ज्योत तोंडापासून उचलली जाणे. सांडपाण्यापासून मिळणाऱ्या बायोगॅसमधील सिलॉक्झेन जळून दांडीवर सिलिकाचा विसंवाहक थर बसतो व संकेत हळूहळू खालावतो. दांडी पॉलिश पेपरने घासली की तो परत येतो. तेलाच्या ज्योतीत दांडी काजळते, त्यामुळे तेथे ती वापरत नाहीत. आयन-प्रवाहावरून हवा व वायू यांचे प्रमाण राखणारे बर्नरही निघाले आहेत. औद्योगिक वापरात त्यांच्या दीर्घकालीन अचूकतेविषयी मतभेद आहेत.

यूव्ही नलिका : अतिनील किरणांमुळे ठिणगी सहज पडते, हे हाइन्रिख हर्ट्‌झ यांना १८८७ मध्ये आढळले. त्याच प्रकाशविद्युत परिणामावर ही नलिका चालते. क्वार्ट्‌झ किंवा अतिनील किरण जाऊ देणाऱ्या विशेष काचेच्या नलिकेत कमी दाबाचा वायू व दोन इलेक्ट्रोड असतात. किरणाने ऋण इलेक्ट्रोडमधून एक इलेक्ट्रॉन उडवला की वायूत आयनांचा लोंढा तयार होऊन स्पंद मिळतो. नलिकेची संवेदनशीलता साधारण १८५ ते २६० नॅनोमीटर या पट्ट्यात असते. सूर्याचे सुमारे २९० नॅनोमीटरखालील किरण ओझोनच्या थरातच अडतात आणि नेहमीच्या तापमानाच्या भट्टीची भिंतही या पट्ट्यात जवळजवळ काही उत्सर्जित करत नाही. ऊन व तापलेल्या विटा यांमुळे नलिकेची फसगत होत नाही ती यामुळे.

इग्निशनची ठिणगी मात्र तिला फसवते, म्हणून नलिकेची दृष्टिरेषा ठिणगीवर पडू न देता ज्योतीच्या मुळाकडील पहिल्या तृतीयांशावर रोखतात. न जळलेल्या तेलाची वाफ, धूर व धूळ अतिनील किरण शोषतात. नलिकेपुढे साधी काच बसवली तर संकेत मिळणारच नाही. सर्वांत गंभीर दोष निराळा : जुनी नलिका किरण नसतानाही स्पंद देत राहू शकते. यावर उपाय म्हणून सतत चालणाऱ्या बर्नरवर यांत्रिक झाकण असलेली, स्वतःची तपासणी करणारी नलिका लावतात. झाकण ठरावीक काळाने मिटते. मिटल्यावरही संकेत आला तर नियंत्रक बर्नर बंद करतो. अशी सोय नसल्यास ईएन २९८ प्रमाणे बर्नर २४ तासांतून किमान एकदा थांबवून सुरू करावा लागतो.

अवरक्त संवेदक : यात बहुधा लेड सल्फाइडचा घट असतो. लेड सल्फाइड म्हणजेच गॅलेना या खनिजाचा ग्राहक म्हणून उपयोग करणारे अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये मिळाले होते. तो प्रकाशालाही प्रतिसाद देई. घट १ ते ३ मायक्रोमीटरच्या किरणांना संवेदनशील असल्याने तेल, वायू, कोळसा या सर्वांच्या ज्योती त्याला दिसतात. पण तापलेली भिंतही दिसते. ज्योतीची सतत होणारी फडफड तेवढी निवडून स्थिर प्रकाश गाळण्याचे काम इलेक्ट्रॉनिक मंडल करते. भिंत व संवेदक यांच्यामधील उष्ण वायू हलत असला तर भिंतीचा प्रकाशही फडफडल्यासारखा भासतो. त्यामुळे भट्टी पूर्ण तापवून, इंधन तोडून संकेत किती वेळात जातो, ही चाचणी घेतल्याशिवाय अवरक्त संवेदकावर विसंबू नये.

दृश्य प्रकाशाचे संवेदक : कॅडमियम सल्फाइडचा रोध प्रकाशात घटतो. लहान तेल-बर्नरच्या पिवळ्या ज्योतीपुरते उपयुक्त. वायूच्या निळ्या ज्योतीसाठी नाही. फोटोसेल बाहेर काढून त्याला बॅटरीचा उजेड दाखवत बर्नर चालवणे अत्यंत धोकादायक आहे. सुरुवातीच्या हवा-धुलाईच्या (पर्ज) काळातच ज्योतीचा संकेत आढळल्यास आधुनिक नियंत्रक बर्नर पेटू देत नाही, तो याच कारणाने.

औष्णिक वीजकेंद्रे : चार कोपऱ्यांतून कोळशाची भुकटी जाळणाऱ्या बॉयलरांत ज्योती मिळून मध्यभागी एकच अग्निगोल बनतो. तेथे अनेक पातळ्यांवर स्कॅनर बसवतात, त्यांना वेगळ्या पंख्याने थंड हवा पुरवतात आणि एका स्कॅनरऐवजी बहुमताने निर्णय घेतात.

अपवाद : भट्टीचे तापमान ७६० अंश सेल्सिअसहून अधिक असेल तर आत येणारे इंधन आपोआप पेटते, असे मानून एनएफपीए ८६ काही अटींवर ज्योत-संवेदनातून सूट देते.

तपासणी : चालू बर्नरची हाताची झडप बंद करून नियंत्रक किती सेकंदांत इंधन तोडतो ते घड्याळ लावून पाहणे, पायलट ज्योत शक्य तितकी लहान करून, संवेदकाला दिसणारी ती सर्वांत लहान ज्योत मुख्य बर्नर पेटवू शकते की नाही हे पाहणे. दुसरी चाचणी सहसा वगळली जाते. ती वगळू नये : मुख्य बर्नर पेटवू न शकणारी पायलट ज्योत संवेदकाला दिसत असेल, तर नियंत्रक मुख्य झडप उघडतो आणि भट्टी वायूने भरते.

हायड्रोजन : शुद्ध हायड्रोजनच्या ज्योतीत कार्बन नसल्याने आयनीभवन-दांडी चालत नाही, यूव्ही नलिका वापरतात.