गुडघ्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा

गुडघ्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा मांडीतील, गुडघ्यामागील आणि नडगीलगतच्या धमन्यांपासून निघणाऱ्या अनेक लहान शाखांमार्फत होतो. या शाखा सांध्याभोवती एकमेकींना मिळतात व त्यांचे एक जाळे तयार होते. गुडघा पूर्ण वाकला, म्हणजे माणूस उकिडवा बसला, की मागील मुख्य धमनी दुमडते. अशा वेळी या जाळ्यातून आडवाटेने रक्त पोटरीकडे जात राहते. मात्र मुख्य धमनी एकाएकी तुटल्यास हे जाळे तिची जागा बहुधा घेऊ शकत नाही, आणि या सांध्याच्या दुखापतींत पाय गमावण्याचा धोका उद्भवतो तो याच कारणाने.

परिभाषा

मराठी शास्त्रीय लेखनात धमनीला 'रोहिणी' आणि शिरेला 'नीला' असेही शब्द आढळतात. या लेखात अधिक रुळलेले 'धमनी' व 'शीर' हे शब्द वापरले आहेत. गुडघ्याच्या धमन्यांना वैद्यकात 'जेनिक्युलर' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील 'जेनू' म्हणजे गुडघा यावरून आला असून तो संस्कृत 'जानु' शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे. गुडघ्यामागील खोलगट भागाला मराठीत 'लवण' हा नेमका शब्द आहे. वैद्यकीय पुस्तकांतील 'पॉप्लिटियल' म्हणजे लवणीतील, एवढे ध्यानात ठेवले की पुढील नावे जड वाटत नाहीत.

मुख्य धमनी

जांघेतून निघालेली फेमोरल धमनी मांडीच्या आतल्या बाजूने खाली येते आणि मोठ्या अभिवर्तक स्नायूच्या कंडरेतील छिद्रातून मागे लवणीत उतरते. येथून तिचे नाव पॉप्लिटियल धमनी. पॉप्लिटियस या लहान स्नायूच्या खालच्या कडेशी ती पुढच्या व मागच्या टिबियल धमन्यांत विभागते.

लवणीत त्वचेकडून आत जाताना प्रथम टिबियल मज्जातंतू, त्याखाली शीर आणि सर्वांत खोल, हाडाला व सांध्याच्या आवरणाला लागून, धमनी असते. म्हणूनच येथील नाडी मनगटासारखी सहज लागत नाही. गुडघा थोडा वाकवून, स्नायू सैल सोडायला सांगून, दोन्ही हातांची बोटे खोल दाबावी लागतात. शिवाय ही धमनी वरती कंडरेच्या छिद्रात आणि खालती सोलियस स्नायूच्या कमानीत जखडलेली असते. मधला भाग सांध्याबरोबर हलतो, दोन्ही टोके हलत नाहीत. गुडघा निखळला असता ती ताणली जाते किंवा फाटते, त्याचे मूळ या रचनेत आहे.

जाळ्यातील शाखा

पॉप्लिटियल धमनीपासून गुडघ्याकडे पाच शाखा जातात. वरच्या दोन शाखा, एक आतील बाजूची व एक बाहेरील बाजूची, मांडीच्या हाडाच्या गाठींच्या वरून वळसा घेऊन पुढे येतात. खालच्या दोन तशाच रीतीने नडगीच्या माथ्याजवळून पुढे येतात आणि आपापल्या बाजूच्या अस्थिबंधाखालून जातात. पाचवी, म्हणजे मधली जेनिक्युलर धमनी, वळसा घेत नाही. ती सांध्याचे मागील आवरण भेदून थेट आत शिरते व दोन्ही क्रुसिएट अस्थिबंधांना आणि सायनोव्हियल पटलाला रक्त देते.

या पाच शाखांना वरून दोन धमन्या येऊन मिळतात: फेमोरल धमनीची उतरती जेनिक्युलर शाखा आणि मांडीच्या बाहेरील अंगाने येणाऱ्या लॅटरल सर्कमफ्लेक्स धमनीची उतरती शाखा. खालून पुढच्या टिबियल धमनीच्या उलट वर वळणाऱ्या शाखा आणि फिब्युलाच्या मानेभोवती जाणारी शाखा मिळतात. रक्त परत नेणाऱ्या शिरा साधारणपणे याच धमन्यांच्या सोबतीने पॉप्लिटियल शिरेकडे जातात.

वाटी

गुडघ्याच्या वाटीभोवती धमन्यांचे एक कडे असते. त्यातून हाडात शिरणाऱ्या बारीक वाहिन्या मुख्यतः वाटीच्या पुढील पृष्ठभागाच्या मधल्या भागातून आणि खालच्या टोकाकडून आत जातात. म्हणजे वाटीत रक्त बव्हंशी खालून वर चढते. वाटी आडवी मोडल्यास वरच्या तुकड्याचा पुरवठा तुटून तो निर्जीव होण्याची शक्यता त्यामुळे असते. सांधाबदल शस्त्रक्रियेत आतील बाजूने छेद घेताना या कड्याच्या आतील शाखा कापल्या जातात. त्यासोबत बाहेरील ताण सोडवण्याचीही वेळ आली, तर शल्यविशारद बाहेरील वरची शाखा वाचवण्याचा प्रयत्न करतात.

जिथे रक्त पोहोचत नाही

मांडीचे हाड व नडगी यांच्यामध्ये अर्धचंद्राकार दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. जन्मतः या गाद्यांत सर्वत्र रक्तवाहिन्या असतात. वाढत्या वयाबरोबर त्या कडेकडे सरकतात आणि सुमारे दहाव्या वर्षी प्रौढांसारखी स्थिती येते. अर्नोक्झी व वॉरन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांमध्ये आतील गादीच्या रुंदीचा बाहेरील १० ते ३० टक्के आणि बाहेरील गादीचा १० ते २५ टक्के भागच रक्तवाहिन्यांनी युक्त असल्याचे दिसले. पॉप्लिटियसची कंडरा जिथून जाते, तिथे बाहेरील गादीच्या कडेलाही वाहिन्या नसतात.

'गादी फाटली' असे सांगितल्यावर एकाला टाके घालतात आणि दुसऱ्याचा फाटलेला तुकडा काढून टाकतात, याचे रुग्णांना नवल वाटते. फाट कडेच्या 'लाल' भागात असेल तर रक्तामुळे ती सांधण्याची आशा असते. आतील 'पांढऱ्या' भागात ती फार कमी असते. फाटीचा आकार आणि रुग्णाचे वय हेही पाहिले जाते, पण स्थान हा निकष महत्त्वाचा आहे.

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेत तर रक्तवाहिन्या मुळीच नसतात. तिचे पोषण प्रामुख्याने सांध्यातील वंगणद्रवातून होते. सांध्याच्या हालचालीमुळे व त्यावर येणाऱ्या भारामुळे हा द्रव कूर्चेत खेळता राहतो.

इतिहास

सुश्रुतसंहितेत 'जानु' हे संधिमर्म मानले असून त्यावरील आघाताने लंगडेपण येते असे सांगितले आहे. मांडीच्या मध्यावरील 'ऊर्वी' मर्मातून रक्त गेल्यास पाय सुकतो, असेही तेथे म्हटले आहे. रक्तवाहिनीची जखम वरती आणि परिणाम खालच्या अंगावर, हा संबंध तेव्हा ध्यानात आला होता, हे लक्षणीय आहे.

डिसेंबर १७८५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात जॉन हंटर यांनी एका घोडागाडीवानाच्या लवणीतील धमनीचा फुगा बरा करण्यासाठी मांडीत, फुग्याच्या वरती, फेमोरल धमनी बांधली. पाय वाचला. आडवाटांनी रक्त खाली पोहोचू शकते, याचा तो ठोस पुरावा ठरला. मांडीतील त्या मार्गाला आजही हंटरची नलिका म्हणतात.

परंतु हंटर यांच्या रुग्णावरून सर्वांचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यांनी धमनी बांधली ती लवणीच्या वर, आणि फुगा हळूहळू वाढताना जाळ्यालाही रुंद होण्यास अवधी मिळालेला असतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या जखमांचा डीबेकी व सिमिओन यांनी १९४६ साली मांडलेला आढावा याउलट सांगतो. त्या काळी तुटलेली धमनी बांधून टाकणे हाच बहुधा उपाय होता, आणि पॉप्लिटियल धमनीच्या जखमांपैकी सुमारे ७३ टक्के प्रकरणांत पाय कापावा लागला. पुढे कोरियन युद्धात धमनी जोडण्याची पद्धत रुळली. तेव्हा हातापायांच्या जोडलेल्या धमन्यांच्या एकूण जखमांत अवयव कापण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले.

दुखापत आणि वेळ

गुडघा निखळणे आणि गुडघ्यालगतची हाडे मोडणे या दुखापतींत पॉप्लिटियल धमनी तपासणे अत्यावश्यक असते. पाऊल थंड व फिकट पडणे, बधिर होणे, बोटे हलवता न येणे आणि घोट्याजवळील नाडी न लागणे ही लक्षणे आहेत. नाडी लागते म्हणून धमनी शाबूत आहे असे मात्र नाही. तिचे आतील अस्तर फाटून काही तासांनी तेथे गुठळी होऊ शकते. कधीकधी निखळलेला गुडघा रुग्णालयात पोहोचण्याआधीच आपोआप जागेवर येतो आणि वरून साधी मुरगळ वाटते. यासाठी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आल्यास धमनीचे चित्रण करतात.

रक्तपुरवठा तुटल्यापासून साधारण सहा तासांत तो पूर्ववत झाल्यास पाय वाचण्याची शक्यता चांगली असते; आठ तासांनंतर ती झपाट्याने घटते. बंद पडलेला प्रवाह सुरू झाल्यावर पोटरीचे स्नायू सुजून आपल्याच आवरणात आवळले जातात, म्हणून ते आवरणही अनेकदा उघडावे लागते.

महानगराच्या कडेला राहणाऱ्यांसाठी या सहा तासांत प्रवासही मोजावा लागतो. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अनुक्रमे सुमारे ५८, ६० व ६८ किलोमीटरवर आहेत. उल्हासनगरात शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, तर शीवचे लोकमान्य टिळक आणि परळचे के. ई. एम. ही मोठी रुग्णालये मुंबईत आहेत. गर्दीच्या लोकलमधून पडलेल्या किंवा दुचाकीवरून घसरलेल्या माणसाचा गुडघा वेडावाकडा दिसत असेल, तर तो ओढूनताणून सरळ करू नये. पाय आहे त्या स्थितीत फळीचा आधार देऊन बांधावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुखापत किती वाजता झाली ते लिहून सोबत द्यावे. डॉक्टर पहिल्या प्रश्नांतच ती वेळ विचारतात.

सावकाश होणारे रोग

मधुमेह, धूम्रपान व वाढते वय यांमुळे धमनीच्या भिंतीत मेद साचून ती अरुंद होते. येथे जाळ्याला रुंद होण्यास महिने, वर्षे मिळतात. बसल्या जागी रुग्णाला त्रास नसतो. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळे येतात आणि थांबले की शमतात. हे दुखणे पुष्कळदा गुडघ्याची झीज समजून तेल चोळण्यावर सोडून दिले जाते. झिजेचे दुखणे सांध्यात जाणवते, रक्त कमी पडल्याचे दुखणे पोटरीत, हा फरक घरच्या घरीही ओळखता येण्याजोगा आहे.